पाच माणसं, चार फटी

"जरा हे टोक धरता का?"

म्हातारबा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. जपानमध्ये माणूस पहिल्या भेटीत निदान तीनदा वाकतो, दोन्ही हातांनी कार्ड देतो, हवेबद्दल दोन शब्द बोलतो. या गृहस्थांनी माझ्या हातात सुतळीचं एक टोक दिलं, दुसरं खिडकीच्या कडीला बांधलं आणि सुतळीला कपडे वाळत घालायचे पाच लाकडी चिमटे लावले. प्रत्येक चिमट्यावर पेनने एकेक आडनाव. मग ते चिमटे इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकवत बसले. चांगली वीस मिनिटं. माझा हात भरून आला. शेवटी "नाही जमत" म्हणाले, चिमटे काढून खिशात घातले आणि निघून गेले. मी आपली सुतळी धरून उभी!

ती माझ्या नोकरीची पहिली सकाळ होती. मला वाटलं, क्लबहाउसचे कपडे धुणारे काका असतील. दुपारी मीटिंगमध्ये कळलं, हे आमच्या संघाचे लाइनचे कोच. वय सदुसष्ट.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. माणसाने आपल्या नावापेक्षा शेजाऱ्याचं नाव लक्षात ठेवावं असं त्यांचं मत. मी मनातल्या मनात त्यांना म्हातारबा म्हणायचे, तेच इथे म्हणते. आता ते सेंदाईला लेकीकडे असतात, मुळे लावतात, आणि मुळ्याच्या वाफ्यातही कोण कुणाशेजारी ते ठरवत असतील, याबद्दल मला शंका नाही.

मी कोण तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पुण्याच्या बाईचा फुटबॉलशी काय संबंध! नवऱ्याला तोयोसुच्या एका ऑफिसात काम मिळालं, त्याच्या व्हिसावर मी आणि लेक आलो. पुण्यात मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. इथे चार वर्षं जपानी शिकले, कचरा वेगळा करायला शिकले, आणि लेक मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं द्यायला लागली तेव्हा ठरवलं, आता बाई घराबाहेर पडायचं. कावासाकीतल्या एका कंपनीचा स्वतःचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, त्यांना डेटा बघणारं माणूस हवं होतं. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, "खेळ माहीत आहे का?" मी म्हटलं, "नाही. आकडे माहीत आहेत." घेतलं त्यांनी.

हा खेळ म्हणजे डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर चिलखतासारखी पॅडं, आणि धडका. आपला एक जण चेंडू फेकायला मागे उभा राहतो. समोरचे दांडगे त्याला लोळवायला धावून येतात. मध्ये आपले पाच जण आडवे उभे. कबड्डीत साखळी करतात ना, तशी साखळी, फक्त हात न धरता. ही लाइन. मधला तो सेंटर, तो पायांमधून चेंडू मागे देतो आणि लगेच साखळीत सामील होतो. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, दोन टोकांना दोन टॅकल. चेंडू फेकणाऱ्याचे फोटो छापून येतात, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या नावाने पोरी किंचाळतात. हे पाच जण सव्वाशे-सव्वाशे किलोचे जीव, मार खातात आणि घरी जातात.

पाचांत कोण, आणि कुठल्या जागी कोण, हे सप्टेंबरात सीझन सुरू व्हायच्या आधी ठरवायचं असतं. तेवीस वर्षं ते म्हातारबा ठरवत होते. त्या वर्षी मात्र नवे कांतोकु आले. कांतोकु म्हणजे मुख्य कोच, संघाचे कर्ते. चाळिशीचे, अमेरिकेत शिकून आलेले, माणूस सज्जन. त्यांनी जाहीर केलं की यंदा ही यादी आकड्यांवरून ठरेल. आकडे कुणाचे? माझे. आणि माझ्या रिपोर्टात एकच नाव लाल होतं. मियाके, डावा गार्ड. वय सव्वीस, एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. पाचांत आला नाही तर कॉन्ट्रॅक्ट तिथेच संपणार आणि पोरगा सामान बांधून गावी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण समोरचे सारखे त्याच्याच बाजूने घुसत होते, त्याला मी काय करू? आकडे म्हणजे आकडे. मी तेव्हा असंच बोलायचे.

म्हातारबा काही जन्माचे कोच नव्हते. कॉलेजात लाइनमध्ये खेळले, मग त्याच कंपनीच्या प्रशासन खात्यात चिकटले. काम काय, तर ऑफिसात कोण कुठे बसणार ते ठरवणं. जपानी ऑफिसात भिंती नसतात. लांबच लांब टेबलं आणि खांद्याला खांदा लावून माणसं. दर एप्रिलला बदल्या, दर एप्रिलला जागांची उलथापालथ. म्हातारबांनी आयुष्यभर हेच केलं. कोण मोठ्याने फोनवर बोलतो, कोण पेन वाजवतो, कोण कुणाच्या शेजारी बसला की दोघंही कामं करतात, सगळं तोंडपाठ. मला एकदा म्हणाले, "दोन माणसं भांडली की साहेब लोक त्यांना बोलावून समजावायचे. मी दोघांच्या मध्ये झाडाची कुंडी सरकवायचो. दोन आठवड्यांत ते मिळून झाडाला पाणी घालायचे."

तिथूनच ते वेड मैदानावर आलं. नव्या खेळाडूला पहिला प्रश्न, "लाइनमध्ये किती माणसं?" तो बिचारा म्हणायचा, "पाच."

"चूक. चार फटी. माणसं काय, कुठेही मिळतात."

दोन माणसांच्या मधली जागा ती फट. समोरचा घुसतो तो माणसातून नव्हे, फटीतून. म्हणून माणसं निवडायची नाहीत, शेजार निवडायचे. कुणी छाती काढून म्हणालं की मी अमक्याला आडवा केला, की म्हातारबा विचारायचे, "छान. तेव्हा शेजारी काय चाललं होतं?" सांगता आलं नाही तर आठवडाभर त्या शेजाऱ्याच्या बुटांची माती काढायची.

चिमट्यांची सुतळी कायम खिशात. कधी काय सुचेल याचा नेम नाही. एकदा आम्ही दोघं सरावाहून परतताना लोकल ट्रेनमध्ये बसलो होतो आणि त्यांना काही तरी सुचलं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. मग काय, यांनी शेजारच्या एका अनोळखी ऑफिसवाल्याला "जरा हे टोक धरता का?" म्हणून सुतळी दिली. त्या माणसाने धरली! सूट, टाय, मांडीवर बॅग, आणि हातात सुतळी. म्हातारबा चिमटे सरकवतायत आणि तो गृहस्थ डोळे मिटून, शहाण्या मुलासारखा धरून बसलाय. तीन स्टेशनं गेली. सुतळी परत घेतल्यावर तो उठला, वाकला आणि म्हणाला, "माफ करा, माझं स्टेशन मागे गेलं, मी उतरतो." मला हसावं की मरावं कळेना. म्हातारबा मात्र त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "उत्तम गार्ड झाला असता."

ते राहायचे त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि कचऱ्याच्या कमिटीचे ते प्रमुख. इथे सोफा, कपाट असला मोठा कचरा टाकायचा तर आधी नोंदवावा लागतो आणि ठरलेल्या सकाळी खाली आणून ठेवावा लागतो. म्हातारबांनी काय करावं? नव्या खेळाडूंच्या जोड्या करून त्यांना सकाळी सातला तिथे बोलवायचे आणि चौथ्या मजल्यावरून कपाट उतरवायला लावायचे. स्वतः तळमजल्यावर डोळे मिटून उभे. बघायचं नाही, ऐकायचं. चार पावलांचा आवाज दोन पावलांसारखा यायला लागला की ती जोडी पास. इमारतीतल्या बायका हुशार! वर्षभर मोडके सोफे जपून ठेवायच्या आणि ऑगस्ट लागला की एकजात बाहेर काढायच्या. एका आजींनी तर चांगलं कपाट काढलं होतं, केवळ ती पोरं पुन्हा बघायला मिळावीत म्हणून.

आणि सामना? सामन्यात हे चेंडूकडे बघतच नसत. नजर फक्त त्या पाचांच्या पायांवर. मैदान गर्जायला लागलं की वहीतून मान वर करून मला विचारायचे, "काय झालं?"

"आपण जिंकलो, कोच."

"असं का? बरं झालं." आणि पुन्हा वहीत.

माझ्याशी त्यांचं भांडण कधी झालं नाही, याचं मला वाईटच वाटायचं. मी तयारीत असायचे. पुण्याची असल्यामुळे वाद हा मला व्यायामासारखा लागतो. पण ते माझा रिपोर्ट दोन्ही हातांनी घ्यायचे, पानन् पान वाचायचे, "फार मेहनत आहे" म्हणायचे आणि घडी घालून चिमट्यांच्याच खिशात ठेवायचे. मला ते सूजी-सान म्हणत. सूजी म्हणजे आकडा. घरी हे सांगितलं तर नवरा आठवडाभर मला रवा म्हणत होता.

पण एक सांगते. इथे आल्यापासून ऑफिसच्या जेवणांना मी उपाशी राहायची सवय करून घेतली होती. मी शाकाहारी, आणि इथे नुसत्या पाण्यालाही माशाचा वास. मी कुणाला सांगायला जात नसे. उगाच कशाला लोकांना त्रास? कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, भाताचा लाडू घ्यायचा, आंबट आलुबुखार घातलेला, आणि संडासात उभं राहून खायचा. संघाच्या पहिल्या जेवणाला गेले तर माझ्यासमोर वेगळी छोटी शेगडी, वेगळं भांडं, आणि शेजारी म्हातारबांच्या अक्षरातलं कार्ड, 'फक्त समुद्री शेवाळाचं पाणी. मासा नाही. चमचाही वेगळा.' मी कधी बोलले नव्हते त्यांच्याशी याबद्दल. विचारलं तर म्हणाले, "तुमच्या शेजारी बसणाऱ्याने सांगितलं, की तुम्ही दुपारी दहा मिनिटं गायब असता." मी भांड्यात तोंड घालून रडून घेतलं. वाफेमुळे कुणाला कळलं नाही.

तर तो ऑगस्ट. यादी शुक्रवारी द्यायची होती. सोमवारी मी म्हातारबांना रिपोर्ट दाखवला. चौघं हिरवे, मियाके लाल. सगळ्यांत हिरवा सेंटर, ओनो. ओनो पस्तिशीचा, संघाचा कप्तान, दहा वर्षं त्या मधल्या जागेवर. त्याच्यासमोरून एक माणूस घुसलेला नव्हता.

म्हातारबांनी ओनोच्या नावावर बोट ठेवलं. "ओनो आणि मियाके यांच्या मधली फट," ते म्हणाले, "फार चांगली आहे."

"मग चांगलंच ना?"

"वाजवीपेक्षा चांगली आहे, सूजी-सान."

मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू.

त्यांची शेवटची परीक्षा म्हणजे नाबे. टेबलावर शेगडी, शेगडीवर मोठं भांडं, त्यात भाज्या, मासे, मांस सगळं रटरटतंय आणि मंडळी त्यातून आपापल्या वाडग्यात घेतायत, असं हे जेवण. थंडीतलं बरं का! म्हातारबा ते भर ऑगस्टात घालायचे. घामाघूम झाल्यावर माणसाला खोटं वागायचा कंटाळा येतो म्हणे. टेबलाच्या एका बाजूला पाच जण, मैदानावर उभे राहतात त्याच क्रमाने. समोरच्या बाजूला म्हातारबा आणि मी.

मंगळवारी संध्याकाळी सहाला आम्ही बसलो. म्हातारबा म्हणाले, "लॅपटॉप आणलाय ना? मग मोजा."

"काय मोजू?"

"कोण कुणाला वाढतो."

"कोच, मी काय तोफू मोजू?"

"तोफूही मोजा."

मी वैतागले होते. म्हटलं, थांबा, आता खरंच मोजते, आणि चक्क तक्ता केला. वाढणारा, घेणारा, पदार्थ. अर्धा तास झाला, मला काहीही विशेष दिसेना. पोरं जेवत होती, थट्टा करत होती, घाम पुसत होती. मग म्हातारबांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला आणि हळूच म्हणाले, "वाडगे बघा."

इथे वाडगा डाव्या हातात उचलून तोंडाशी नेऊन खायचं असतं. टेबलावर ठेवून त्याच्यावर वाकणं म्हणजे कुत्र्यासारखं खाणं, असं पोरांना लहानपणापासून शिकवतात. माझी लेक ताटावर वाकून वरणभात खात होती तेव्हा तिची शाळेतली मैत्रीण डोळे विस्फारून बघत बसली होती. आपण जन्मभर ताट खाली ठेवून जेवतो, त्यामुळे माझ्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

ओनोचा वाडगा टेबलावर होता. डावा हात मांडीत. तो वाकून खात होता. आणि त्याच्या डाव्या बाजूला बसलेला मियाके, चांगल्या घरातला, वळण असलेला मुलगा, त्यानेही आपला वाडगा खाली ठेवला होता आणि तोही तसाच वाकला होता. म्हणजे ओनो एकटा दिसू नये. माझ्या डोळ्यांदेखत उजव्या गार्डने एकदा या दोघांकडे बघितलं, आपला वाडगा हळूच खाली ठेवला आणि मान घातली. मग एका टोकाचा टॅकल. मग दुसऱ्या टोकाचा. पाच दांडगे, ओळीने, वाडग्यांत तोंडं घालून! भाजी घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. सगळे मन लावून जेवत होते.

म्हातारबांच्या काड्या हातातच राहिल्या. "अशी लाइन," ते माझ्या कानाशी म्हणाले, "मला तेवीस वर्षांत मिळाली नव्हती." आवाज आनंदाचा होता पण चेहरा पार उतरला होता.

स्टेशनच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "तक्त्यात काय आलं?"

मी वाचून दाखवलं. मियाकेने ओनोला अकरा वेळा वाढलं. ओनोने कुणालाही एकदाही नाही. आणि भांडं तर ओनोच्या पुढ्यातच होतं, पळी त्याच्या डाव्या हाताशी.

"उद्या व्हिडिओत मियाकेची पावलं बघा," म्हातारबा म्हणाले. "घुसणाऱ्यांकडे बघू नका. फक्त त्याचं पहिलं पाऊल."

बुधवारी सकाळी बघितलं. मे महिन्यापासूनचे सगळे सराव. मी आजवर मोजत होते ते कोण कुणाच्या बाजूने घुसला. पाऊल कुठे पडलं हे मोजावं असं डोक्यातच आलं नव्हतं. चेंडू सुटला की मियाकेचं पहिलं पाऊल उजवीकडे. ओनोकडे. प्रत्येक वेळी. ओनोचा डावा हात वर येत नव्हता, मियाके अर्धं अंग तिकडे टाकून त्याची बाजू राखत होता, आणि तेवढ्यात स्वतःची दुसरी बाजू उघडी पडत होती. समोरचे तिथून घुसत होते. ओनो हिरवा होता तो मियाकेच्या जिवावर, आणि मियाकेला लाल रंगवला होता मी.

मी तडक मैदानावर गेले. मियाके पाणी पीत होता. म्हटलं, "मियाके-सान, ओनो-सानच्या खांद्याला काय झालंय?"

"काही नाही."

"तू त्यांच्याकडे कलतोस."

"माझी वाईट सवय आहे. सुधारतो." आणि वाकला.

"अरे, शुक्रवारी यादी लागेल. तुला घरी जावं लागेल!"

तो आणखी खाली वाकला. "माझीच सवय वाईट आहे."

असा राग आला मला! दोन द्याव्यात की जवळ घ्यावं, समजेना. म्हातारबांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "त्याला कशाला विचारलंत? तो शेजारी आहे. तो मरेपर्यंत सांगणार नाही. चला, ओनोला भेटू."

ऑफिसात असताना बदलीची यादी लागण्याआधी त्या त्या माणसाला एकट्याला गाठून सांगण्याचं काम म्हातारबांकडे असे. इथे तशीच पद्धत आहे, बोर्डावर नाव वाचून कुणाला धक्का बसू नये. ते दर वेळी माणसाला बाहेर बाकावर न्यायचे आणि कॉफीचा डबा द्यायचे. त्या दुपारी आम्ही तिघं नदीच्या बांधावरच्या बाकावर बसलो. ऊन मी म्हणत होतं. म्हातारबांनी मशीनमधून तीन डबे आणले. एक मला दिला, एक स्वतःला ठेवला. तिसऱ्याचं झाकण त्यांनी स्वतः उघडलं आणि उघडा डबा ओनोच्या उजव्या हातात दिला.

ओनो त्या उघड्या डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कळलं तर तुम्हाला."

"काल कळलं."

"मेमध्ये खांदा गेलाय. डॉक्टर ऑपरेशन सांगतायत." त्याने एक घोट घेतला. "केवढा उशीर केलात हो, कोच! मी तीन महिने वाट बघतोय, कुणीतरी पकडेल म्हणून."

मी न राहवून म्हटलं, "मग सांगितलं का नाहीत? तो पोरगा घरी चाललाय तुमच्यापायी!"

"तो यादीबाहेर जातोय हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय," ओनो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरंच पांढरा पडला. तेही खरंच. रिपोर्ट मी फक्त कोच लोकांना दाखवला होता, मियाकेला सकाळी मीच बोलून गेले होते आणि तो गप्प राहिला होता. "मी जूनमध्येच सांगणार होतो. पण मियाके इतक्या जिवापाड सांभाळत होता, की मी सोडतो म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी. म्हटलं, त्याच्यासाठी तरी उभं राहावं."

म्हणजे बघा. हा त्याच्यासाठी उभा, आणि तो याच्यासाठी वाकलेला. दोघंही तीन महिने एकमेकांना सांभाळून घेत दोघांचंही वाटोळं करायला निघाले होते, आणि एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ!

"बाका!" म्हातारबा ओरडले. बाका म्हणजे मूर्ख. मी त्यांचा आवाज चढलेला प्रथमच ऐकला. मग मैदानाच्या दिशेला तोंड करून, मियाकेच्या नावाने, पुन्हा एकदा, "बाका!" आणि एकदम हसायला लागले. इतके हसले की कॉफी सांडली. हसता हसता रडायला कधी लागले ते त्यांनाही कळलं नसावं. ओनो बिचारा उजव्या हाताने त्यांची पाठ चोळत होता.

शांत झाल्यावर त्यांनी नाक पुसलं. "आता सेंटरला कोण?"

"मियाके," ओनो लगेच म्हणाला. "तीन महिने माझं काम तोच करतोय. नाव तेवढं लावायचं राहिलंय."

मियाकेला बोलावलं. तो धावत आला. ओनोला बाकावर आणि म्हातारबांचे डोळे लाल बघितल्यावर त्याला काय ते समजलं, आणि तो तिथेच गवतावर गुडघे टेकून म्हणाला, "माझीच सवय वाईट आहे! ओनो-सानना काही झालेलं नाही!"

"गप्प," ओनो म्हणाला. "उद्यापासून मधे उभा राहा. सरळ उभा राहा. आणि माझ्याकडे बघायचं नाही, मी कडेला असेन."

सव्वाशे किलोचं ते पोर हमसून हमसून रडायला लागलं. मीही लागले. म्हातारबांनी खिशातून सुतळी काढली आणि माझ्याकडे न बघताच एक टोक पुढे केलं. मी डोळे पुसत धरलं. डाव्या गार्डला राखीव पोरांतला एक आला, आणि पाच मिनिटांत पाच चिमटे जागच्या जागी बसले.

यादी मी तिथूनच, उन्हात बसून, कांतोकुंना पाठवली. लगेच उलट मेसेज आला. 'मियाके सेंटर? तुमच्या रिपोर्टात तो लाल आहे. आकडे चुकले का?'

म्हातारबा माझ्या खांद्यावरून वाचत होते. हळूच म्हणाले, "माझ्यावर ढकला. लिहा, म्हातारा ऐकत नाही."

सोयीचं होतं ते. तेवीस वर्षं लोक तेच म्हणत आले होते. मी लिहिलं, 'आकडे बरोबर आहेत. वाचताना मी चुकले.' असलं वाक्य मी लग्नाच्या सतरा वर्षांत घरात एकदाही काढलेलं नाही. दोनदा वाचलं, आणि पाठवून दिलं.